निरोपाचं पद

श्रीरंगराव,

काल आमच्या नायगावच्या सोसायटीत माझा सत्कार झाला. मी नवी बंदिश सुरू केली, तर सेक्रेटरी मध्येच म्हणाले, "ताई, तुमचं ते निरोपाचं पद होऊ द्या!"

जन्मभर तेच! नाटकात माझा नवरा झालेले तुम्ही त्या पदावर ट्रंक उचलून विंगेत जायचात. वन्स मोअर मिळाला की मुकाट परत यायचात, पुन्हा जायला.

कालही वन्स मोअर मिळाला. मी सवयीने उजवीकडे पाहिलं. तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या.

तुम्ही आपलं घर खरंच सोडून गेलात, तेव्हा मात्र माझ्या तोंडून सूरही फुटला नाही.

हे पत्र टाकणार नाही. उद्या आपल्या मुलाकडे, संकेतकडे पाहुणे येताहेत. त्यांनाही तेच पद ऐकायचंय. पुन्हा तुम्हाला निरोप द्यायचाय.

विनया