शीगी पौर्णिमेची सुट्टी

राणेबेन्नूर, २८-९-९८

ती. निंगव्वा अक्कास,
फकीरेशचा शि. सा. न.

कंबर कशी आहे? यंदा शीगी पौर्णिमा सोमवारी आली आहे. साहेबांचा हुकूम आहे, की त्या दिवशीही काकडी तोडायचीच. लोणच्याची काकडी एक दिवस वेलीवर राहिली की बोटाची मनगटाएवढी होते, कंपनी ती घेत नाही. जी तोडणार नाही तिचा करार रद्द. अक्का, एवढ्या वेळी ऐक. कंपनीतली माझी कारकुनी अजून कच्ची आहे. तू माझी बहीण, हे मी इथे कुणालाच सांगितलेलं नाही.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
फकीरेश

हिरेकट्टी, १-१०-९८

चि. फकीरेशास अ. आ.

तम्मा, धाकटा असून फार शहाणा झालास! त्या दिवशी भूमाई गरोदर असते. तिला डोहाळजेवण घालायचं, की तिला ओरबाडायचं? साहेबाच्या बायकोच्या ओटीभरणात कुणी तिच्या कानातल्या कुड्या काढून घेतल्या होत्या का, विचार त्याला. बी आमचं, खत आमचं, असं कंपनीवाले सारखं ऐकवतात. जमीन काय लॉरीतून आणली होती? आम्ही चाळीस बायका त्या दिवशी वेलीला हात लावणार नाही. नैवेद्यातला पहिला कडबू पळवणारा तूच, विसरलास? बहीण म्हणायची तुला लाज वाटते, मला भाऊ म्हणायची वाटत नाही.

वेळेवर जेवत जा.
अक्का

हिरेकट्टी, ९-१०-९८

चि. फकीरेशास अ. आ.

सोमवारी लॉरी आली. ड्रायव्हरला बांधावर पोटभर जेवू घातलं आणि रिकामा पाठवला. मंगळवारी सुपरवायझरने जाड काकडी नाकारली. नाकारू दे, म्हशींनी खाल्ली. पण त्याने माझ्या एकटीचं नाव कापलं. म्होरकी गेली की कळप पांगेल असं वाटलं असावं. बाकीच्या एकोणचाळीस जणींनी सांगितलं, निंगव्वाची घेणार नसाल तर आमचीही मिळणार नाही. घाबरट हालव्वासुद्धा भरल्या टोपलीवर बसून राहिली, उठेचना. तीन दिवस लॉरी रिकामी जाते आहे. साहेबाला सांग, पौर्णिमेची सुट्टी कागदावर हवी, कन्नडमध्ये, आणि पहिलं नाव माझं.

तुझ्या नोकरीची काळजी वाटते, पण मागे हटणार नाही.
अक्का

राणेबेन्नूर, १२-१०-९८

ती. अक्कास शि. सा. न.

इथे बरण्या रिकाम्या पडल्या आहेत. आज साहेबांनी मला सुट्टीचं कलम लिहायला बसवलं. पहिलं नाव लिहिलं तेव्हा ते चिडून म्हणाले, ही निंगव्वा आहे तरी कोण. मी उठून उभा राहिलो आणि सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं सांगितलं, की ती माझी सख्खी थोरली बहीण आहे. नोकरीचं उद्या कळेल. कागद घेऊन मीच येतो. कडबू शिळा असला तरी चालेल.

तुझा भाऊ,
फकीरेश