रोजचा रिपोर्ट

चि. कृष्णात,
आशीर्वाद.

रोज संध्याकाळी तू पलटणीतून फोन करतोस आणि म्हणतोस, "शिवांजली, चल, रिपोर्ट दे." पोरगी ताठ उभी राहून दहावीच्या अभ्यासाचं सांगते. काल तुला ती चुकून "व्हय सर" म्हणाली. तू लय हसलास. ती मात्र फोन ठेवून गोठ्यात जाऊन रडली. कबड्डीच्या संघातून तिला काढलंय, हे तिनं म्हशीला सांगितलं, बापाला नाही. शेंडा ओढून ऊस वाढत नसतो रं.

हे पत्र टाकत नाही. वाचून तू तिलाच जाब विचारशील. त्यापरीस आज फोन आला की तिच्यादेखत मीच तुला विचारीन, "किस्ना, आज तुझं काय चुकलं रं?" तू खरं सांगितलंस, तर पोरगीबी बोलंल.

वाट बघणारा,
तुझा आबा