मामाची पेटी स्वच्छ केल्याबद्दल

तीर्थरूप मामीस,

तुझ्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. एरवी हा शब्द मी खुर्चीत आरामात बसून लिहितो, पण या वेळी मी खरोखरच जमिनीवर आडवा पडून नाक घासतो आहे असं समज. आधी एक विनंती. हे पत्र मनातल्या मनात वाच. मामा शेजारी असेल तर तोंडावर सगळं खुशाल असल्याचा भाव ठेव, आणि काय लिहिलंय म्हणून त्याने विचारलंच तर इकडे थंडी पडली आहे असं सांग. (पडलेली नाही. पण त्याला कुठे कळणार आहे?) तुझा गुडघा कसा आहे? मामाचा खोकला? मागे पाठवलेलं औषध तो घेतो की नुसतंच बाटली हलवून फळीवर ठेवतो? इकडे आम्ही मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. ही मजेत आहे. मी नाही.

पत्रास कारण मामाची पेटी. तीच, जी त्याने आतून मेणकागद लावून, खिळे न ठोकता वरून दोरीने बांधून (खिळ्यांच्या दणक्याने शेंगा दचकतात म्हणे!) माझ्या हवाली केली होती आणि बजावून सांगितलं होतं, की ती परदेशची बाई येईपर्यंत पेटी उघडायची नाही आणि उघडायची ती तिच्यासमोरच. यात न समजण्यासारखं काहीही नव्हतं. तरी मी ती उघडली. का उघडली, तर काळजीपोटी. मामी, माझ्या हातून आजवर जे जे वाटोळं झालं ते काळजीपोटीच झालं, एवढं तू तरी मान्य करशील.

आता तुला मामाच्या व्हॅनिलाबद्दल मी सांगणं म्हणजे निव्वळ आगाऊपणा, पण माझ्या जिवाला काय घोर होता ते कळावं म्हणून लिहितो. तुमच्याकडे हल्ली सगळेच शेंगा हिरव्या असताना ओरबाडतात आणि दलालाच्या गळ्यात घालून मोकळे होतात. भाव चढला की चोराच्या भीतीने मालक आधी तोडतो, आणि मालक तोडेल या भीतीने चोर त्याच्याही आधी. आमची पेढी तोच माल घेते. झटपट वाळवलेला, अर्धवट ओला, पिशवीतली हवा काढून दाबून भरलेला. तो बोटीत चढतो, देशोदेशीच्या बिस्किटवाल्यांकडे जातो, आणि बिस्किटं खाणाऱ्याला त्यातलं काही कळत नाही. एकटा मामा तेवढा शेंगेचं टोक पिवळं होईपर्यंत थांबतो, गरम पाण्यातून काढतो, कांबळ्यात गुंडाळून घाम फोडतो, उन्हात घालतो, सावलीत आणतो, आणि मग पेटीत ठेवून वर्षानुवर्षं वाट बघत बसतो. लोकांनी त्याला येड्यात काढलं. तूही काढलंस, माझ्यादेखत. आता पहिल्यांदाच कुणीतरी, म्हणजे ही चॉकलेटवाली बाई, मुरवलेलाच माल हवा म्हणून समुद्र ओलांडून येणार होती. तिला पेटी पसंत पडली तर ती दर वर्षी मामाकडूनच घेणार, आणि नाही पडली तर पुढच्या हंगामापासून आपणही हिरव्या शेंगा दलालाला देऊ आणि मोकळे होऊ, असं मामा मला म्हणाला होता. म्हणताना तो हसत होता. मला त्या हसण्याचीच भीती बसली.

तर जेवणाच्या सुट्टीत गोदामात कुणी नाही असं बघून मी दोरी सोडली, मेणकागद बाजूला केला, आणि बघतो तर काय, शेंगांवर पांढरं! एखाद-दुसऱ्या नव्हे, झाडून सगळ्या शेंगांवर. बारीक, केसाळ, पार टोकापर्यंत. मामी, आमच्या धंद्यात शेंगेवर पांढरं दिसणं म्हणजे काय हे तुला ठाऊक आहे. बुरशी! एका पेटीत बुरशी निघाली की ती पेटी बाहेर काढतात, मग तिच्या शेजारची काढतात, मग ज्याची पेटी त्याचं नाव वगळतात. बरं, पेटी कुणाची हे लपवायचीही सोय नाही, कारण शेंग वेलीवर कोवळी असतानाच मामा टाचणीने तिच्यावर आपली खूण टोचतो, चोरीला गेली तर ओळखता यावी म्हणून. प्रत्येक शेंगेवर मामाचे तीन ठिपके. मला तर प्रत्येक शेंगेतून मामाच वर बघतोय असं वाटायला लागलं.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? विचारलं असतं. आमच्याकडे मालाची प्रत ठरवणारा एक गृहस्थ आहे, त्याला आम्ही भोंगा म्हणतो. त्याच्या नाकाला तोड नाही, पण त्याला सकाळी सांगितलेलं दुपारपर्यंत बंदरावरच्या हमालांना पाठ असतं. मामाच्या पेटीत बुरशी, ही बातमी मी स्वतःच्या तोंडाने भोंग्याला देऊ? जीभ नसती का झडली! म्हणून मी पेटी गुपचूप घरी आणली. (ट्रामने. मांडीवर. शेजारचा माणूस सारखा माझ्याकडे सरकत होता, तेव्हाच काहीतरी ओळखायला हवं होतं.)

सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून बसलो. ही दवाखान्यात औषधं देते, त्यामुळे घरात स्पिरिट आणि कापसाला तोटा नाही. ही म्हणाली, आधी कुणाला तरी विचारा. मी म्हटलं, घरच्या अब्रूचा प्रश्न आहे. ही म्हणाली, म्हणूनच विचारा. मी ऐकलं नाही. वाडग्यात स्पिरिट ओतलं आणि एकेक शेंग कापसाने टोकापासून देठापर्यंत पुसून काढली. तान्ह्या बाळाला न्हाऊमाखू घालावं तशी, मामी, अगदी हळुवारपणे. पुसल्यावर शेंगा जरा रुक्ष दिसायला लागल्या, म्हणून त्यांच्यावर गोड्या तेलाचा हात फिरवला. काय चकाकल्या म्हणून सांगू! पॉलिश केलेल्या बुटांसारख्या. खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. मामाची लाज राखली, आणि तीही मामाला कळू न देता, असं मनाशी म्हणत मी दोनदा चहा प्यालो.

आणि मग बाई आली. लहानखुरी, केस पिकलेली, पायात पुरुषी बूट. साहेब, भोंगा आणि मी असे तिच्यासमोर उभे राहिलो. मी मोठ्या ऐटीत दोरी सोडली. बाईने खिशातून भिंग काढलं, एक शेंग उचलली, खिडकीशी नेली, फिरवली, ठेवली. दुसरी उचलली. तिसरी. मग ती साहेबांना काहीतरी म्हणाली, आणि साहेबांनी मला विचारलं की शेंगांवरचं दहिवर कुठे आहे? मी म्हटलं, कसलं दहिवर? तेव्हा साहेबांनी समजावून सांगितलं. शेंग खरोखर उत्तम असेल आणि वर्षानुवर्षं नीट मुरली असेल, तरच तिच्या आतला सुगंध हळूहळू बाहेर येऊन सालीवर पांढऱ्या सुयांसारखा जमतो. हल्ली ते कुणाला बघायला मिळत नाही, कारण तेवढं थांबतं कोण? मामाने बाईला कळवलं होतं की दहिवर चढलं आहे, आता या. बाई त्याच्यासाठीच आली होती.

मामी, या क्षणी एखाद्या माणसाने गप्प बसावं की नाही? मूग गिळून उभं राहावं की नाही? पण मला वाटलं, काहीतरी गैरसमज होतोय, आपण केलेल्या मेहनतीची यांना कल्पना नाही. मी छाती काढून म्हणालो, बाईंना सांगा, एक डाग सापडणार नाही, मी स्वतः पुसलंय, स्पिरिटने. साहेबांनी ते तिच्या भाषेत सांगितलं की नाही मला कळलं नाही, कारण त्याच वेळी भोंगा ओरडला, ‘अरे, दहिवर पुसलंस?’ आणि मग तो खाली बसला. चक्क जमिनीवर. गोदामातली माणसं हातातली कामं टाकून दाराशी जमली. माझ्या पायाखालची जमीन सरकली असं लिहिणार होतो, पण ती सरकली असती तर बरं झालं असतं. ती तिथेच होती आणि मीही.

बाईने शेंग नाकाशी नेली आणि तोंड फिरवलं. (तेल.) मग तिने विचारलं, पुसलेलं कुठे आहे? म्हणजे तो कापूस, ते स्पिरिट? आता कापूस तर आम्ही कचऱ्यात टाकला होता. आणि वाडग्यातलं उरलेलं स्पिरिट, ते हिने काटकसर म्हणून बादलीत ओतून त्याने जिना पुसला होता. आमच्या इमारतीत जिना पाळीपाळीने पुसायचा असतो आणि ती आमची पाळी होती. पुसल्यापासून सगळी इमारत नुसती घमघमत होती. खालचे मास्तर रोज वर येऊन केक कुणाकडे केलाय म्हणून विचारायचे आणि आम्ही लपवतोय असं समजून तोंड पाडून परत जायचे. हे सगळं मी साहेबांना सांगितलं. बाईला जिना बघायचा होता.

मामी, ती आली ग. साहेबांच्या गाडीतून आमच्या दाराशी उतरली, पहिल्या पायरीवर थबकली, आणि कठड्याला धरून चढता चढता मध्येच मटकन बसली. पायरीवर तळवा घासला आणि हुंगला. बराच वेळ हुंगत होती. वरून ही हातात झाडू घेऊन बघत होती, खालून मास्तर. मग बाई साहेबांना जे बोलली ते साहेबांनी मला सांगितलं, आणि ते मी मामासाठी जसंच्या तसं लिहितो. आजवर इतक्या देशांत शेंगा हुंगल्या, पण हा वास कुठे मिळाला नाही, असं ती म्हणाली. आणि मग हसून, जिना विकत घेता येत नाही, असंही म्हणाली. साहेब हसले. मास्तरही हसले, त्यांना काही कळलेलं नसताना. मी घरात जाऊन मोरीत नळ सोडून उभा राहिलो. मला रडू आलं. कितीतरी वर्षं मामाने त्या पेटीवर ओलं फडकंसुद्धा पडू दिलं नव्हतं आणि आम्ही एका दुपारी त्याच्या सुगंधाने जिना पुसला. हिने दाराबाहेरून विचारलं, अंघोळ करताय का? मी हो म्हटलं.

मामाचं नाव राखायला गेलो आणि मामाचं कामच पुसून आलो. माझ्या ठिकाणी दुसरं कुणी असतं, तर त्याने विचारायला हवं होतं असं मी किती सहज म्हटलं असतं! मला मामाच्या कामावर विश्वास नव्हता, हे खरं दुखणं आहे. पांढरं दिसल्याबरोबर, मामाने काहीतरी अजब साधलंय असं माझ्या मनात आलंच नाही. म्हातारा चुकला, हेच आलं. त्याला हे कळलं तर पेटीपेक्षा याचंच वाईट वाटेल. म्हणून पत्र तुला लिहितो आहे, त्याला नाही. कधी, कसं आणि कितपत सांगायचं ते तूच ठरव.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. (आशीर्वाद देण्याची सध्या माझी लायकी नाही, तेव्हा तो तुझ्या खात्यातून दे.)

तुझा
तोंड लपवून बसलेला भाचा

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. पेटी तर गेली. पण तुझ्या कपाटात, घडी केलेल्या कपड्यांच्या खाली, एक जुडी आहे. मला माहीत आहे, कारण लहानपणी मी कपाट उघडलं होतं. पहिल्यांदा वेल फुलली त्या वर्षी मामाचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि पहाटे फुलं उमलली की काडीने पराग टेकवून एकेका फुलाचं लग्न तूच लावलं होतंस. त्या शेंगा मामाने मुरवून तुला दिल्या, विकायच्या नाहीत म्हणून. त्या तर पेटीपेक्षाही जुन्या. त्यांच्यावर दहिवर नक्की असणार. ते फक्त बाईला दाखव. देऊ नकोस, नुसतं दाखव. (ती मागेल. मग काय करायचं ते तुझं तू बघ, मला आता मत द्यायला तोंड नाही.) आणि कृपा करून पुसू नकोस.

ता. क. हे खरं म्हणजे सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. ज्या बाईने तुझ्या हातात हे पत्र दिलं, तीच ती. तिला आपली भाषा वाचता येत नाही, ओळखीचं पत्र आहे असं मी तिला सांगितलंय. एव्हाना ती दारात बराच वेळ उभी असेल. आधी तिला आत घे, पाणी दे.

ता. क. मीही आलो आहे. खाली वळणावर जीपमध्ये बसलो आहे, वर यायला पाय उचलत नाहीत. मामाला सगळं वाचून दाखव, काहीही गाळू नकोस. तो संतापला तर त्याला तसाच खाली पाठव, मी इथेच बसून आहे. आणि तो संतापला नाही, नुसता ‘पोराला जेवायला बोलाव’ म्हणाला, तर मात्र मामी, तू ये. ते मला एकट्याला झेपायचं नाही.