बिब्ब्यावरचा आळ

माय,

तू बिब्ब्याखाली गेलीच नव्हतीस. आता हे मी पुराव्यानिशी सांगू शकते, आणि कोणाला वाद घालायचा असेल त्यानं खुशाल यावं. तुझी सासू असती तर पहिल्यांदा तिलाच ऐकवलं असतं. मोहफुलं वेचायच्या दिवसांत तू सकाळी उठायचीस ती डोळे बुजलेले, ओठ फुगून नाकाला टेकलेले, आणि आजी चुलीजवळूनच सुरू व्हायची, "गेली ना बिब्ब्याखाली? सांगतलं त आयकत नाई!" "मी नाई गेली वं," तू म्हणायचीस, तेवढंच. बिब्ब्याचा चीक ज्याला सोसत नाही त्याचं अंग उततं, हे आपल्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग तुझं कोण ऐकणार? तीळ-खोबऱ्याचा लेप लागायचा, जंगल बंद व्हायचं, आणि बाकीच्या बाया टोपल्या घेऊन निघाल्या की तू दारात उभी राहून बघत राहायचीस. त्याचा राग मला अजून येतो.

बाबांना तुझी फार कणव. एक दिवस कुऱ्हाड घेऊन गेले आणि बांधावरचं बिब्ब्याचं झाडच तोडून आले. दुसऱ्या दिवशी तेच टम्म! अंगभर लाल चट्टे, फोड, आणि खाज अशी की भिंतीला पाठ घासत फिरत होते. नेमका त्याच दिवशी तुझाही चेहरा सुजला. अजून दिसतं मला. दोघं ओसरीत शेजारी बसला आहात, दोघांच्या तोंडाला तोच लेप, बाबा खाजवताहेत आणि तू हसते आहेस. सुजल्या ओठांनी हसता येत नाही म्हणून आणखीच हसतेस. "तुले काऊन नाई खाजत?" बाबा चिडून विचारतात. "मले काय माईत? नुसतं तटतटते," तू म्हणतेस. माय, उत्तर तिथंच बसलं होतं आणि आम्ही सगळे हसून मोकळे झालो.

पुढे तालुक्याला जाऊन तू दाढ काढून आलीस. दुसऱ्या दिवशी गळा आतून सुजला, आवाज बसला, आणि बाबा जीप घेऊन येईपर्यंत श्वास संपला. लोक तेव्हाही बिब्बाच म्हणाले. दाढ काढायला गेलेली बाई कुठलं झाड गाठणार, एवढा तरी विचार करायचा!

माझी मुलगी आता कॉलेजात जाते. तिचे ओठ सुजायला लागले, मध्येच पोट असं दुखायचं की गडबडा लोळायची. इथं आमच्या ऊर्जानगरातल्या दवाखान्यात अ‍ॅलर्जीच्या गोळ्या देऊन देऊन थकलो, काडीचा फरक नाही. नागपूरच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "खाज येते?" नाही म्हटलं. "घरात आणखी कोणाला अशी सूज यायची?" तेव्हा मी त्यांना ती ओसरी सांगितली, बाबांची खाज आणि तुझं हसणं. त्या लिहिता लिहिता थांबल्या, अ‍ॅलर्जीची सूज खाजते म्हणाल्या, आणि आम्हा मायलेकींचं रक्त तपासायला पाठवलं. दोघींच्या रक्तात एक प्रथिन कमी निघालं, सी-वन इनहिबिटर नावाचं. बाईंनी छान समजावलं. शरीराची राखण करणारी फौज म्हणजे घरची कुत्री. चोर आला की भुंकायलाच हवीत, पण त्यांना 'हाड' म्हणून गप्प करणारं माणूसही हवं. हे प्रथिन म्हणजे ते माणूस. ते कमी पडलं की चोर नसतानाही कल्ला होतो, रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं आणि अंग सुजतं. दाढ काढण्याएवढी इजाही पुरते, दिवसभर वाकून मोहफुलं वेचण्याचा शीणही. तुमच्या घरात आईकडून लेकीकडे आलंय, म्हणाल्या. माझा हात अधूनमधून सुजायचा तर मी शिलाई मशीनला शिव्या घालत होते!

आणि काल तुझ्या नातीची अक्कलदाढ काढली. काढावीच लागणार होती. पण यावेळी आम्हाला आधीच ठाऊक होतं. दाढेला हात लावण्याआधी कोणा अनोळखी माणसाच्या रक्तातला पिवळसर भाग तिच्या शिरेत सोडला. त्यात ते प्रथिन असतं. तुझा घात झाला तो दुसरा दिवस मी आज दवाखान्यात तिच्या खाटेजवळ काढते आहे. सारखी तिला बोलायला लावते. "आई, कितीदा विचारशील बरं आहे का म्हणून?" ती वैतागून म्हणते, आणि आवाज खणखणीत आहे. गाल थोडा फुगलाय, गळा मोकळा आहे. आत्ताच डॉक्टरबाई बघून गेल्या, संध्याकाळी घरी न्या म्हणाल्या. बाबांना फोन करून सगळं पहिल्यापासून सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे थे झाड म्या उगाच तोडलं."

हे पत्र लेकीला दाखवणार नाही, हसेल मला. काल तिला दाढेसाठी न्यायच्या आधी मी तिच्या उशीखाली फडक्यात बांधून एक सुका बिब्बा ठेवला, दृष्ट लागू नये म्हणून. सगळं समजूनसवरून ठेवला. जन्मभर त्याच्यावर आणि तुझ्यावर आळ घेतला आम्ही. म्हटलं, आज दोघं मिळून हिच्यापाशी बसा.