कोरं घर

प्रिय अण्णा,

लिहिणार नव्हते. पण आज तुमच्या सुनीलनं, पोटच्या मुलानं, घर बघायला आलेल्या माणसांना तोंडावर सांगितलं, "इथं कुणी गेलेलं नाय. घर एकदम कोरं हाय." तुमचा फोटो त्यानं आधीच कपाटात ठेवला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि खरं सांगू? त्याच्यापेक्षा तुमचाच राग जास्त आला.

ही खोड त्याला कुणी लावली? तुम्हीच ना! पाचोडहून शहरात राहायला यायचं ठरलं, तेव्हापासून प्रत्येक उंबऱ्यावर तुमचा पहिला प्रश्न तोच, "इथं कुणी गेलंय का?" गारखेड्यातलं ते जुनं घर आठवतं? बोअरला बारमाही पाणी, दारात कडुलिंब. आईला किती आवडलं होतं! मालक बिचारा खरं बोलला, वडील म्हातारपणानं झोपेतच गेले म्हणून. झालं! तुम्ही चपला घातल्या.

"माणसं जायचीच की वो," आई म्हणाली.

"तुला नाय कळत त्यातलं." एवढं बोलून तुम्ही पायऱ्या उतरलात.

मग जालना रोडवर, करमाडच्या अलीकडं, हा चौथ्या मजल्यावरचा नवा फ्लॅट. कबूल, घर देखणं आहे. गळती नाही, दुरुस्तीची कटकट नाही, सकाळचं ऊन ओट्यापर्यंत येतं. पण पाणी टँकरचं, खिळा ठोकला की प्लास्टर हातात, आणि लिफ्टच्या जागी नुसतं भोक! "दिवाळीपर्यंत बसवतो," बिल्डर म्हणाला. लिफ्ट बसल्यावर जाऊ, असं मी किती विनवलं! तुम्हाला दसऱ्याचा मुहूर्त गाठायचा होता. वास्तुशांत झालेलं घर अंधारात ठेवू नये म्हणून त्याच दिवशी मुक्काम हलवलात.

आणि एका सकाळी खिडकीखाली बसल्या बसल्या छाती धरलीत. स्ट्रेचर जिन्यात वळेना. शेजारी प्लास्टिकची खुर्ची घेऊन धावत आले, तोवर सगळं संपलं होतं. जिथं कुणी गेलेलं नव्हतं, तिथून पहिले तुम्हीच गेलात! कुणावर ओरडू मी आता?

सुनील म्हणतो, "विकून टाकू. अण्णांनी तरी असलं घर घेतलं असतं का?" काय उत्तर देऊ, तुम्हीच सांगा!

उत्तर आईनं दिलं. त्या माणसांच्या देखत तिनं कपाट उघडलं, तुमचा फोटो काढला. भिंतीत खिळा टिकत नाही, म्हणून खिडकीत ठेवला.

"ह्या घराचे मालक ते हेच," ती म्हणाली. "हितंच गेले, ह्या खिडकीखाली. बसा, चहा ठेवलाय."

चहा न घेताच गेली माणसं. सुनील अजून गॅलरीत फुगून बसलाय.

अण्णा, आई इथंच राहील. लिफ्ट बसेपर्यंत बिल्डरला मी सुखानं झोपू देणार नाही, शब्द देते. आणि कुणी विचारलंच, तर खिडकी दाखवून सांगेन, इथं माझे अण्णा गेले.

तुम्हाला असलं घर चाललं नसतं, माहीत आहे. आम्हाला चालतं.

तुमच्यावर अजून रागावलेली,
तुमची मंगल