नुरा की खरी?

कळंबा
४ मार्च २०२४

चि. अनुजास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू रडतेस आणि मी ओरडतो, म्हणून पत्र लिहितो. ईस्टरला बाप्तिस्मा घेणार म्हणतेस. अगं, पस्तीस वर्षं मी कुस्तीच्या मैदानात पंच आहे. नुरा कुस्ती, आधीच ठरवून केलेली, मला दुसऱ्या मिनिटाला कळते. मेलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला, ही गुरूचं नाव राहावं म्हणून चेल्यांनी केलेली नुराच. ते नव्या कराराचं पुस्तक पाठव, उघडं पाडतो. मग तू थांबायचंस. कबूल?

तुझ्यासाठी काकवी ठेवली आहे. भांडण वेगळं.

लोभ आहेच, रागही आहे.
तुझा,
जोतीरामदादा

पन्हाळा
९ मार्च २०२४

ती. स्व. दादांस,
कृ. सा. न. वि. वि.

पुस्तक सोबत आहे. अट कबूल. नुरा ठरली तर मी बाप्तिस्मा घेणार नाही. नाही ठरली तर तुम्ही त्या दिवशी फेटा बांधून चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचं. निकाल तुम्हीच द्या. तुमच्या शिट्टीवर माझा भरवसा आहे, एक वेळ सोडली तर.

मी घाबरले असं समजू नका. सहा वर्षं मीही शंकाच काढल्या. पाळकसाहेब इतके वैतागले की म्हणाले, आता तुमच्या भावाला आणा, तो तरी बरा असेल! पण दादा, तुम्ही आला नाहीत तर मला फार लागेल.

लोभ असावा. काकवी संपवू नये.
आपली,
अनुजा

कळंबा
२४ मार्च २०२४

चि. अनुजास,
अनेक आशीर्वाद.

दोनदा वाचलं. निकाल मला आवडलेला नाही, हे आधीच सांगतो. नुरात कोणाला खरा मार लागत नाही. ह्या चेल्यांनी फटके खाल्ले, तुरुंगात गेले, तरी कोणी फुटला नाही. आणि ठरवून सांगणारा स्वतःची फजिती सांगेल काय? त्यांच्यातला थोरला पेत्र, एका मोलकरणीनं हटकलं तर गुरूला ओळखतच नाही म्हणाला. तेही लिहून ठेवलंय. म्हणजे नुरा न्हाय. मेलेला खरंच उठला, हे मात्र मला पटलेलं नाही. प्रामाणिक माणूसही चुकतो.

पण एका जागी अडकलो. थडगं रिकामं आहे हे आधी बायकांनी येऊन सांगितलं, आणि चेल्यांनी ती बडबड ठरवली. तिथं पुस्तक मिटलं. गावच्या जत्रेत मी नवा पंच होतो, तू दहा वर्षांची. बाबांच्या खांद्यावरून तू ओरडलीस, दादा, ही नुरा हाय की! सगळे हसले आणि मी तुला सगळ्यांदेखत घरी हाकललं.

अनुजा, ती नुराच होती. मला माहीत होतं, तरी मी त्या पैलवानाचा हात वर केला. आजवर हे कोणाजवळ बोललो नाही. माझं चुकलं.

तुझ्या देवाचं अजून ठरत नाही. पण तू डोळ्यांना दिसलं तेच बोलतेस, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे.

आहे तो लोभ वाढव. ईस्टरच्या रविवारी पहिल्या बाकावर माझी जागा धर, फेटा इस्त्रीला दिलाय.
तुझा,
जोतीरामदादा