सीएएस काढायचं ठरलं

१ मार्च २००४, सोमवार
मिलिंदने आज मीटिंगमध्ये जाहीर केलं, सॉफ्टवेअरच्या नव्या रिलीजमधून सीएएसचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या फोन लाइन्सचा, सपोर्ट काढायचा. "म्युझियमचा माल." सगळे हसले. मी नाही हसले. तो कोड मी सांभाळते. विचारलं, छोट्या गावांच्या फोन कंपन्या अजून यावरच चालतात, त्यांचं काय? तर गोऱ्यांसमोर मराठीत म्हणतो, "घरची भांडणं चारचौघांत कशाला, वैदेही?" आणि लगेच इंग्रजीत गोड. मॅनेजर झाल्यापासून याला मराठी फक्त मला गप्प करायला आठवते.

४ मार्च, गुरुवार
लॅबमधल्या स्विचवर, म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजवर, नवं रिलीज चढवलं. जुन्या लाइन्सचं कार्ड लावलं. दिवा हिरवा, अलार्म नाही. कॉल लावला. काही नाही. रिसीव्हर उचलल्याचा सिग्नलच पुढे जात नाही. लाइन मेलेली, आणि मशीन म्हणतंय सगळं छान. बंद पडलं तर निदान कळतं तरी!
मिलिंदला ओढत आणून दाखवलं. "कस्टमरला सांगायचं काम सेल्सचं. तू कायची जिद्द करून राहिली?" चिडला की नागपूर बाहेर येतं.

९ मार्च, मंगळवार
समीर: "हे सीएएस आहे तरी काय, ज्याच्यापायी तू नवऱ्याशी धड बोलत नाहीस?"
सांगितलं. ज्या लाइनवर बोलणं, त्याच लाइनवरून तिचे इशारेही जातात. उचलला, नंबर लावला, ठेवला. नव्या पद्धतीत इशाऱ्यांची वाट वेगळी. जुनंय, पण डोंगरापलीकडच्या एका काउंटीत ९११ चे, म्हणजे पोलीस-अँब्युलन्सचे, कॉल त्यावरूनच जातात.
"मग त्यांनी बदलावं ना."
लेऑफपासून समीर घरी. त्याचा व्हिसा माझ्यावर, माझा कंपनीवर. माहीत आहे मला. रोज आठवण करून द्यायची गरज नाही. ताटावरून उठले.

२० मार्च, शनिवार
मंडळाचा पाडवा. खरा उद्या, पण शाळेचा हॉल आजच मिळाला. मिलिंद कमिटीवर. सिल्कचा कुर्ता, प्रत्येक काका-काकूंना वाकून नमस्कार. पार्किंग लॉटमध्ये मला गाठलंच.
"तुझी ग्रीन कार्डची फाइल माझ्याच टेबलावरून जाते."
"धमकी देतोयस?"
"मोठ्या भावासारखं सांगतोय."
मोठा भाऊ! तेवढ्यात त्याची बायको उरलेल्या श्रीखंडाचा डबा घेऊन आली. हसून घेतला. घरी येऊन सिंकमध्ये ओतला. समीर म्हणाला, "श्रीखंडाने काय घोडं मारलं होतं?"

२३ मार्च, मंगळवार
झालं एकदाचं.
कॉन्फरन्स कॉल. पलीकडे कॅरन, त्या काउंटीच्या फोन कंपनीत स्विच बघते. या वीकएंडला अपग्रेड. इकडे खोलीत मी आणि मिलिंद. कॅरनने विचारलं, "माझ्या ९११ च्या लाइन्स चालतील ना?"
मिलिंदने म्यूट दाबलं. "हो म्हण. नंतर पॅच देऊ."
"तूच म्हण."
"कोड तुझा आहे."
मी हात पुढे करून म्यूट काढलं. "नाही कॅरन, चालणार नाहीत. आणि कार्डाचा दिवा हिरवाच दिसेल."
कॅरन: "हे मला कोण सांगणार होतं?" मिलिंदने रोडमॅप, मायग्रेशन वगैरे सुरू केलं. तिने फोन ठेवला.
"संपलीस तू," मिलिंद. एवढंच.
बाथरूममध्ये तोंडावर थंड पाणी मारलं. वाटलं रडू येईल. नाही आलं. राग, नुसता राग.

२४ मार्च
कॅरनने अपग्रेड कॅन्सल केलं. ऑफिसात कोणी नजरेला नजर देत नाही. घरी समीर:
"त्या बाईला तू ओळखतेस तरी का?"
"नाही."
"मला ओळखतेस ना?"


२९ मार्च, सोमवार
वरून हुकूम: सीएएस परत घाला. कॅरनच्या कंपनीने थेट व्हाइस प्रेसिडेंटला झापलं म्हणे. मिलिंदने मीटिंगमध्ये असं सांगितलं जणू त्यालाच सुचलं. काम अर्थात मला. "झालं की सांग. मग आपण बोलू."
म्हणजे होईपर्यंत माझी गरज. रेंगाळले तर तेवढे दिवस पगार, तेवढे दिवस व्हिसा. समीरही तेच म्हणतो, "सावकाश कर, यार." पण कॅरनचं जुनं व्हर्जन सारखं हँग होतं, म्हणून तर तिला अपग्रेड हवं होतं.

७ एप्रिल, बुधवार
संपवलं. रेंगाळायचं जमलं नाही. कॉल लागला, दोन्हीकडून आवाज. पुन्हा पुन्हा लावून बघितला.
मिलिंदला सांगितलं. स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला, "उद्या तीनला ये. एचआर पण असेल."
"कशाबद्दल?"
"उद्या."
थँक्यू नाही, काही नाही. नकोच आहे त्याचं.
समीरला सांगितलं. वाटलं, आता भांडेल. तर म्हणतो, "मी येऊ? बाहेर गाडीत बसतो."
नको म्हटलं. कणीक मळली, पोळ्या झाल्या, भाजीला फोडणी दिली. मग म्हटलं, ये.